हेडलाइटमध्ये पाणी: नवा लाइट घेण्याआधी मागचं रबर तपासा

पावसाळा लागल्यापासून तुमच्या गाडीच्या डाव्या हेडलाइटमध्ये बाष्प धरतंय, खालच्या कोपऱ्यात थोडं पाणीही साचलंय आणि गॅरेजवाल्यानं अख्खा लाइट बदलायला सांगितलाय, असं तुम्ही लिहिलंत. मागच्या लाइटमध्ये पाणी जातं, त्याचंही विचारलंत. इतक्यात पैसे घालू नका. समोरची काच तडकलेली नसेल तर दोष बहुतेक वेळा लाइटच्या मागच्या बाजूला सापडतो, आणि तो दुरुस्त होण्यासारखा असतो.

हेडलाइट पूर्ण हवाबंद नसतो, मुद्दामच तसा बनवलेला नसतो. ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब पेटला की आतली हवा तापून फुगते, तिला बाहेर पडायला मागे छोटी नळी किंवा बारीक जाळीची पट्टी असते. त्याला ब्रीदर म्हणतात. लाइट बंद केला की हवा आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. कोकणात किंवा घाटावर जुलैमध्ये ती हवा दमटच असणार. काच सगळ्यात आधी गार पडते, म्हणून दव तिच्यावर धरतं. सकाळी किंवा गाडी धुतल्यावर आतून पातळ धुकं दिसलं आणि लाइट लावून अर्धा तास गाडी चालवल्यावर ते गेलं, तर काहीच करायचं नाही. थेंब ओघळत असतील, खाली पाणी हलताना दिसत असेल किंवा धुकं दिवसभर तसंच राहत असेल, तर मात्र पाणी आत शिरतंय. तुमचं वर्णन या दुसऱ्या प्रकारचं आहे.

आता बॉनेट उघडून लाइटच्या मागे बघा. बल्बवर काळं रबर किंवा फिरवून बसणारी प्लॅस्टिकची टोपी असते. बल्ब बदलताना ते रबर घाईत चढवलं जातं, एक कड आत दुमडून राहते, आणि तिथूनच पाणी जातं. बऱ्याच रबरांवर वरची बाजू कुठली ते छापलेलं असतं, ते उलटं बसलंय का तेही पाहा. बोटानं सगळीकडून चाचपा: चांगलं रबर मऊ असतं आणि होल्डरच्या कडेवर चपखल बसतं. कडक झालं असेल, कडेला भेगा असतील, तर नवंच घाला. लाइटच्या किमतीपुढे ते किरकोळ आहे. १००/९० वॅटचे बल्ब घातलेल्या गाड्यांमध्ये हे रबर जास्त उष्णतेनं लवकर वाळतं. बाजारातला एलईडी बल्ब बसवला असेल तर आणखी नीट बघा. त्याचा पंखा मागे येतो म्हणून टोपीच काढून टाकलेली किंवा तिला भोक पाडलेलं मी अनेक गाड्यांत पाहिलंय. शिवाय एलईडीच्या उजेडाबरोबर काचेकडे फारशी उष्णता जात नाही, त्यामुळे आत आलेलं दव लवकर उडत नाही.

ब्रीदरची नळी चिखलानं किंवा कोळ्याच्या जाळ्यानं बुजली असेल तर मोकळी करा. ती बंद करायची चूक अजिबात करू नका. नळी बंद असली की तापलेला लाइट गार होताना हवा दुसऱ्या कुठल्यातरी फटीतून ओढतो, आणि त्या फटीवर पाणी असेल तर पाणीच ओढतो. याच कारणानं लांबून आल्या आल्या प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट लाइटच्या कडेवर मारू देऊ नका.

वाळवण्यासाठी लाइट गाडीतून काढणं उत्तम. काही गाड्यांत आधी बंपर उतरवावा लागतो, ते काम गॅरेजमध्येच करून घ्या. बल्ब आणि टोप्या काढा, उघडी बाजू खाली करून पाणी निथळू द्या. मग हेअर ड्रायर सगळ्यात कमी गरमवर ठेवून वीतभर अंतरावरून वारा घाला, किंवा रात्रभर पंख्याखाली ठेवा. आत कापड घालून पुसू नका. रिफ्लेक्टरवरचा चकचकीत थर फार नाजूक असतो, एकदा ओरखडला की उजेड कायमचा कमी होतो. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लागलं तर स्पिरिटनं पुसूनच तो परत बसवा. सिलिका जेलच्या पुड्या आत टाकायचा सल्ला खूप जण देतात. मी देणार नाही. पुडी ओलावा पिऊन लवकरच भरते आणि हलत हलत तापलेल्या बल्बला चिकटू शकते.

वाळल्यावर फट शोधा. काच आणि मागचा डबा जिथे जोडलेत त्या सांध्यावर साबणाचं पाणी लावा, बाकीची भोकं झाका आणि ब्रीदरच्या नळीतून तोंडानं हलकेच फुंका. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती. जागा स्पिरिटनं साफ करून तेवढ्याच टप्प्यात सिलिकॉन (फटी बुजवायचं सीलंट) भरा. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं हवं. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं, त्यानं रिफ्लेक्टर काळवंडतो. लाइट ओव्हनमध्ये तापवून काच उघडायचे व्हिडिओ बघून घरी प्रयोग करू नका. कंपनीनं कुठला चिकट पदार्थ वापरलाय ते बाहेरून कळत नाही, आणि काही प्रकार उष्णतेनं सुटतच नाहीत, प्लॅस्टिक मात्र वाकतं.

मागच्या लाइटबद्दलही विचारलंत. तिथे बहुधा लाइट आणि बॉडीमधलं फोमचं गॅस्केट (पाणी अडवणारी पट्टी) दबून बसलेलं असतं, नाहीतर नट एका बाजूनं सैल असतो. डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. तिथे ओल असेल तर पाणी याच वाटेनं येत असण्याची शक्यता मोठी आहे. ब्रेक दाबल्यावर त्याच बाजूचा इंडिकेटर मिणमिणत असेल तर होल्डरचा अर्थिंगचा पॉइंट गंजलाय. पॉलिश पेपरनं तो पॉइंट घासून घ्या. एलईडीचा सीलबंद मागचा लाइट असेल आणि आत पाणी साचलं असेल, तर तो उघडत नाही, तिथे बदलणं हाच उपाय.

गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काहीही करण्याआधी थेंबांचे फोटो काढून सर्व्हिस सेंटरला दाखवा. सिलिकॉन लावलेला लाइट ते बदलून देणार नाहीत.