साखर आणि फॉस्फरस दोन्ही वाढले की धमन्या कडक का होतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील सांगलीत, मधुमेह 15 वर्षांचा, क्रिएटिनिन 2.4 (म्हणजे किडनी कमजोर), फॉस्फरस 5.6. पायाच्या एक्स-रेत धमन्यांच्या कडेने पांढऱ्या रेघा दिसल्या, ‘कॅल्शियम साठलंय’ असं सांगितलं. मग दूध बंद करायचं का?

दुधाकडे येतो, पण आधी एक गैरसमज. बोअरच्या पाण्याचा क्षार पाइपात धरतो, तसं हे कॅल्शियम आपोआप धरत नाही. धमनीच्या मधल्या थरात आकसणाऱ्या-सैलावणाऱ्या स्नायूपेशी असतात. रक्तात फॉस्फेट (फॉस्फरसचं रक्तातलं रूप) वाढलं की ते या पेशींत जास्त शिरतं आणि हाड घडवणारं रनएक्स-2 नावाचं जनुक तिथे जागं होतं. पेशी आपलं मूळ काम सोडून हाडाच्या पेशीसारखी वागू लागते आणि भोवती कॅल्शियम-फॉस्फेट जमवते. एरवी पायरोफॉस्फेट, फेट्युइन-ए असे पदार्थ हे रोखून धरतात. किडनीच्या आजारात तो बंदोबस्तही ढिला पडतो.

साखरेचं काम वेगळं. जास्तीची साखर धमनीतल्या कोलॅजेन-इलॅस्टिनला चिकटून त्यांचे धागे एकमेकांत अडकवते, म्हणजे कॅल्शियम बसण्याआधीच लवचिकपणा जातो. अशी साखर चिकटलेली प्रथिनं स्नायूपेशींना त्याच हाडाच्या वाटेवर ढकलतात. वर साखरेनेच किडनी खराब होते आणि मग फॉस्फेट बाहेर पडत नाही. वडिलांचं नेमकं हेच झालेलं दिसतं.

फॉस्फरसची नेहमीची पातळी साधारण 2.5 ते 4.5. पण आकडा उशिरा वाढतो: हाडातून येणारं एफजीएफ-23 आणि मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींतून येणारं पीटीएच ही हार्मोन्स बरीच वर्षं किडनीकडून जादा काम करून घेतात. त्यामुळे पुढच्या वेळी फॉस्फरस, कॅल्शियम, पीटीएच एकत्र तपासा.

आता खाणं. ज्वारीची भाकरी, डाळी यांतला बराच फॉस्फरस फायटेटच्या रूपात असतो, तो पुरता पचत नाही. दूध-मटणातला निम्म्याच्या आसपास शोषला जातो. खरा घात कोला, प्रक्रिया केलेलं चीज, पाकीटबंद मांस यांतल्या मिसळलेल्या फॉस्फेटचा. ते जवळजवळ सगळंच रक्तात जातं. पाकिटावर ‘फॉस्फेट’ शब्द किंवा 338 ते 341, 450, 451, 452 हे क्रमांक शोधा. दुधाच्या 200 मिलीत सुमारे 200 मिलिग्रॅम फॉस्फरस, तेव्हा चहापुरतं दूध चालवून घेता येईल. साताऱ्याचा कंदी पेढा मात्र आटवलेलं दूध अधिक साखर, म्हणजे दोन्ही शत्रू एका घासात. आणि गुळाचा चहा ‘चालतो’ हे आपल्या ऊसपट्ट्यातलं लाडकं खोटं आहे.

गोळ्यांत बहुतेकांची चूक एकच. सेव्हेलेमर किंवा कॅल्शियम अॅसिटेट लिहून दिलं असेल, तर ते जेवणासोबतच घ्यायचं. गोळी अन्नातल्या फॉस्फेटला आतड्यातच धरते; रात्री रिकाम्या पोटी घेतली तर धरायला काही नसतं. कॅल्शियमची किंवा ‘डी’ जीवनसत्त्वाची गोळी मेडिकलमधून स्वतःहून आणू नका, ‘डी’मुळे फॉस्फेटही जास्त शोषलं जातं.

पायाचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहणारी एबीआय चाचणी झाली असेल आणि उत्तर 1.4 च्या वर आलं असेल, तर ‘रक्तपुरवठा उत्तम’ समजू नका. कडक धमनी पट्ट्याने दबतच नाही, म्हणून आकडा फुगतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगा, कारण बोटांच्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक झालेल्या नसतात.

साचलेलं कॅल्शियम धुऊन काढणारं खात्रीचं औषध आज नाही. सलाइनमधून ‘नसा साफ’ करून देतो म्हणणाऱ्याकडे पैसे घालवू नका. वाढ मंदावणं एवढंच शक्य आहे. हिमोग्लोबिन कमी असेल तर एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) फसवा येऊ शकतो, म्हणून घरी ग्लुकोमीटरवर उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर वहीत लिहून ती वही डॉक्टरांना दाखवा.