पहिल्यांदा .३०-०६ भरताय? पावडरच्या आधी पुंगळी बघा

तुम्ही लिहिलंत की .३०-०६ या रायफलीची काडतुसं पहिल्यांदाच घरी भरून ऑक्टोबरमध्ये एल्क (मोठं हरीण) मारायला जायचंय, आणि मित्राने वीस काडतुसं भरून दिली आहेत. मित्राने भरून दिलेली ती वीस काडतुसं झाडू नका. मित्र पंधरा वर्षं भरतोय म्हणता, ते खरंच असेल. पण त्याचा लोड (पावडर आणि गोळीचं माप) त्याच्या रायफलीत, त्याच्या चेंबरला (नळीमागची, काडतूस बसायची जागा) जुळवलेला आहे. .३०-०६ साठी ठरलेली दाबाची कमाल मर्यादा ६०,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे आणि तो दाब तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर तयार होतो. दुसऱ्याने घरी भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालायचं नाही, हा नियम मी सख्ख्या भावासाठीही मोडणार नाही.

दुसरं, तुम्ही एच-वन-बी व्हिसावर आहात असं लिहिलंय म्हणून सांगतो. अमेरिकी फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूकही ठेवता येत नाही आणि काडतुसंही. तुमच्या-आमच्यासारख्यांना त्यात सूट मिळते ती वैध हंटिंग लायसन्समुळे. ते संपू देऊ नका. स्वतःपुरतं भरायला फेडरल परवाना लागत नाही, विकायला लागतो. आणि पुढेमागे सामान भारतात न्यायचा विचार मनात आला तर तिथेच सोडून द्या. तिकडे काडतुसं बनवायला शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो.

आता मूळ प्रश्न. तुम्ही विचारलंत, एल्कसाठी कोणती पावडर आणि किती. नवीन माणूस नेहमी हेच विचारतो, मीही विचारलं होतं. पण शिकारीचं काडतूस बिघडतं ते बहुतेक वेळा पुंगळीत, म्हणजे पावडर आणि गोळी धरणाऱ्या पितळी कवचात.

माझ्या तिसऱ्या सीझनची गोष्ट. कोलोरॅडोत गनिसनच्या बाजूला, पहाटेची वेळ, १८० यार्डांवर एल्कची मादी. पहिली गोळी जरा मागे लागली. बोल्ट (काडतूस आत ढकलून चेंबर बंद करणारा दट्ट्या) ओढला, पुढे ढकलला, आणि तो अर्ध्यावर अडला. जोर लावूनही बसेना. ती झाडीत गेली. रक्ताच्या थेंबांवरून माग काढत मला ती सापडली तेव्हा अकरा वाजून गेले होते. एवढा वेळ त्या जनावराने काय सोसलं, हे मी विसरलेलो नाही. कारण एकच: पुंगळीचं आयुष्य वाढावं म्हणून मी फक्त मान (पुंगळीचा गोळी धरणारा अरुंद भाग) साइझ करत होतो, म्हणजे दाबून पुन्हा मापात आणत होतो; खांद्याला (मानेखालचा उतार) हात लावत नव्हतो. चार-पाच वेळा झाडल्यावर खांदा इतका पुढे आला की पुंगळी चेंबरमध्ये पूर्ण बसेचना. रेंजवर टार्गेटवर भोकं एकात एक पडत होती, म्हणून मी खूश होतो.

तेव्हा फुल-लेंग्थ डायच (अख्खी पुंगळी मापात आणणारा साचा) वापरा, पण ती शेवटपर्यंत खाली दाबून नाही. झाडलेल्या पुंगळीचा खांदा कॅलिपरला कम्पॅरेटर (खांद्यापर्यंतची लांबी मोजायचा जोड) लावून मोजा आणि डाय अशी बसवा की तो एक ते दोन हजारांश इंचच मागे जाईल. जास्त मागे ढकललात तर उलटा त्रास: दर वेळी पितळ ताणलं जातं आणि बुडाच्या जरा वर, आतल्या बाजूने पातळ होत जातं. कधीतरी तिथेच पुंगळीचे दोन तुकडे होतात.

हे पातळ होणं कसं ओळखायचं, ते नीट शिकून घ्या. पेपरक्लिप सरळ करा, टोकाचा दोन-तीन मिलिमीटर भाग काटकोनात वाकवा आणि टोक घासून अणकुचीदार करा. ती पुंगळीत घालून टोक भिंतीला टेकवत बुडापासून वर ओढा. चांगल्या पुंगळीत ती सरळ सरकत येते. पातळ झालेलीत बुडापासून थोडं वर टोक एका खाचेत पडतं, बोटाला टचकन कळतं. बाहेरून तिथे चकचकीत कडं दिसेल किंवा दिसणारही नाही, म्हणून डोळ्यांवर विसंबून राहू नका. खाच लागली की पुंगळीचं तोंड पकडीने चेपून टाका, म्हणजे चुकून पुन्हा ढिगात जाणार नाही.

लांबीही मोजा. कमाल २.४९४ इंच, मी २.४८४ ला कापतो. जास्त लांब पुंगळीचं तोंड चेंबरच्या कडेला रुतून गोळीला आवळतं, आणि मग जपून मोजलेल्या पावडरलाही दाब भलताच चढतो.

पावडरचा आकडा मी देणार नाही. गोळी बनवणाऱ्या कंपनीचं चालू मॅन्युअल घ्या आणि नेमक्या त्याच गोळीचं पान उघडा. १८० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) शिशाची गोळी आणि १८० ग्रेनची पूर्ण तांब्याची गोळी एक नव्हे. तांबं हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, पुंगळीत जास्त जागा खाते, आणि तिचा डेटा वेगळा असतो. मी स्वतः तांब्यावर आलोय, कारण मांस घरची पोरं खातात आणि शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत पसरतात. नावांचीही काळजी घ्या: एच-४३५० आणि आयएमआर-४३५० या दोन वेगळ्या पावडरी आहेत, आकडा एक असला तरी. टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवायचा, बाकी कपाटात. सुरुवातीच्या लोडपासून अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने वर चढा. बोल्ट उचलायला जड गेला किंवा बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणारी खीळ) चकचकीत ठसा दिसला तर तुम्ही आधीच मर्यादेपलीकडे गेला आहात. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) वापरा, मॅन्युअलपेक्षा वेग जास्त येत असेल तर दाबही जास्तच आहे.

४३५०सारख्या पावडरने .३०-०६ ची पुंगळी जवळपास भरते, त्यामुळे चुकून दोनदा ओतली तर ती सांडून कळते. एखादी रिकामी राहिली तर मात्र कळत नाही. नुसत्या प्रायमरने (बुडातली, पावडर पेटवणारी टोपी) गोळी नळीत अडकू शकते आणि मागून दुसरी झाडली तर नळी फुटते. म्हणून गोळ्या बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या ब्लॉकमध्ये (भोकांच्या ठोकळ्यात) उभ्या करून टॉर्च मारा, पावडरची पातळी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. रेंजवर आवाज फुसका आला तर थांबायचं, बोल्ट काढून नळीतून उजेड बघायचा.

गोळी नळीच्या आट्यांना (आतल्या पिळदार कंगोऱ्यांना) टेकवून बसवायचा मोह होईल, रेंजवाले तसं करतात. शिकारीत नको. न झाडलेलं काडतूस बाहेर काढताना गोळी नळीतच राहते आणि पावडर सगळी ॲक्शनमध्ये (बोल्ट सरकतो त्या भागात) सांडते. काडतुसाची एकूण लांबी ३.३४० इंचांच्या आत, मॅगझिनमध्ये सहज बसेल अशी ठेवा.

पैसे वाचतात का, तर पहिली दोन वर्षं नाही.

आता तुमच्या ऑक्टोबरच्या टॅगसाठी (एका जनावराच्या शिकारीची परवानगी): फक्त वीस भरा. रेंजवर जा, नळी मातीच्या बांधाकडे ठेवा, बोट चापाबाहेर, आणि विसांपैकी प्रत्येक काडतूस मॅगझिनमधून चेंबरमध्ये घेऊन झाडल्याशिवाय बाहेर काढा. बोल्ट दोन बोटांनी बंद झाला पाहिजे. ज्याला जोर लावावा लागेल ते वेगळ्या डबीत टाका, घरी पुलरने (काडतुसातून गोळी ओढून काढायचं हत्यार) सोडवा आणि पुंगळीचा खांदा पुन्हा मोजा. मित्राची वीसही त्याच पुलरने सोडवा; त्यांतली पावडर कोणती हे तुम्हाला नक्की ठाऊक नाही, ती पुन्हा वापरू नका.