बाबांची कद्दिश, दुसऱ्यांच्या सिनेगॉगमध्ये

"मावशी, बाबांची कद्दिश मी चुकीची म्हणतोय का?"

उत्तर इस्रायलमधल्या एका छोट्या गावातून त्याचा फोन आला तेव्हा त्याचे वडील जाऊन सहा आठवडे झाले होते. कद्दिश म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची ज्यू प्रार्थना. वडील ठाण्याचे, तिथल्या शाआर हाशामाई सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, वाढलेले. मुलगा नोकरीनिमित्त राहतो तिथे आपलं बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, घर एकही नाही. सिनेगॉग आहे ते अश्केनाझींचं, म्हणजे मूळ युरोपातल्या ज्यूंचं.

कद्दिश आई-वडिलांसाठी अकरा महिने म्हणायची, आणि ती घरी एकट्याने म्हणता येत नाही. दहा पुरुष जमावे लागतात. आपली पद्धत सेफार्दी वळणाची, म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंसारखी. तिच्यात मशीहा, म्हणजे तारणारा, लवकर येवो अशी एक ओळ आहे, 'वयत्समाह पुर्काने'. त्या सिनेगॉगच्या पाठात ती नाही. त्याने ती सवयीने म्हटली. ऐकणाऱ्यांनी 'तथास्तु' म्हणून द्यायचं आमेन आलं नाही. मागून एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "हे इथं म्हणत नाहीत." दुसऱ्या दिवसापासून तो गेलाच नाही.

कद्दिश म्हणणाऱ्या मुलाला मध्येच अडवणं मला आजही पटत नाही. नंतर बाजूला घेऊन सांगता आलं असतं.

पण त्याला एवढं का लागलं? दुसऱ्या फोनवर त्याने स्वतःच्या आजोबांची गोष्ट काढली. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलींच्या लग्नांवर साठच्या दशकात तिथल्या धर्मपीठाने शंका घेतली होती. आपली माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली, तेव्हा कुठे 1964 मध्ये पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. हे ऐकत तो लहानाचा मोठा झालेला. त्या एका वाक्यात त्याला 'तुम्ही आमच्यातले नाही' असंच ऐकू आलं.

मी त्याला विचारलं, "बाबांची पद्धत बाबांकडे कुठून आली?" आपले पूर्वज कोकणात तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, देव एकच आहे असं सांगणारी शेमा ही प्रार्थना म्हणायचे. सिनेगॉगमधल्या हिब्रू प्रार्थनेचं बरंचसं वळण पुढे कोचीनच्या ज्यूंनी शिकवलं. मुंबईतलं आपलं पहिलं सिनेगॉगसुद्धा 1796 चं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आपणही कुणाचं तरी ऐकूनच शिकलो."

काय चालतं, काय नाही, हे सांगणारी मी कोण? "तिथल्या रब्बींना, धर्मगुरूंना, विचार, पण प्रार्थनेच्या वेळी नको, आधी जाऊन विचार," एवढंच म्हटलं. जाण्याआधी काय बोलायचं ते आम्ही फोनवर दोनदा म्हणून पाहिलं. पहिल्यांदा त्याला 'बाबा' या शब्दापुढे जाताच येईना.

रब्बींनी सांगितलं ते सरळ होतं. उभ्याने मनात म्हणायची अमीदा ही प्रार्थना त्याने आपल्या सिद्दूरमधून, म्हणजे प्रार्थनेच्या पुस्तकातून, म्हणावी. सगळे मिळून मोठ्याने म्हणतात ते त्यांच्यासारखं. कद्दिश म्हणणारे आणखी दोघे होते, त्यांच्याबरोबर एका सुरात त्यांचाच पाठ. एकटा असेल त्या दिवशी स्वतःचा. रब्बीच पुढे म्हणाले, "त्या ओळीला आमेन मी देईन."

पुढच्या महिन्यात एका सकाळी बाकीचे दोघे आले नव्हते. त्याने वडिलांची कद्दिश पूर्ण म्हटली. आमेन दोघांचं आलं, रब्बींचं आणि त्याच आजोबांचं.