इन्सुलिन नसेल तर ग्लुकोज पेशीत शिरतच नाही का?

शिरतं, पण सगळीकडे सारखं नाही. स्नायू आणि चरबीच्या पेशींत ग्लूट-४ नावाची वाहक प्रथिनं एरवी आतल्या बारीक पिशव्यांत पडून असतात. इन्सुलिन पेशीच्या रिसेप्टरला, म्हणजे त्याला ओळखणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाला, चिकटलं की या पिशव्या सरकत जाऊन पेशीपटलात मिसळतात आणि काही मिनिटांतच ग्लुकोज भराभर आत जाऊ लागतं. इन्सुलिन उतरलं की वाहक परत आत ओढले जातात. मेंदूला आणि तांबड्या पेशींना इन्सुलिनची ही परवानगी लागतच नाही. यकृतातही ग्लुकोज तसं मोकळेपणी शिरतं. इन्सुलिन तिथे त्याचं ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या, करून साठवायला लावतं.

आणि हे जरूर लक्षात ठेवा: स्नायू काम करतात तेव्हा ग्लूट-४ इन्सुलिनशिवायही वर येतं. म्हणून तर पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नसल्या, तरी चालण्याने साखर उतरते.