समुपदेशन शिकताना सराव-सत्राचं रेकॉर्डिंग नुसतं ऐकू नका

त्यातली मधली 10 मिनिटं शब्दशः उतरवून काढा. ‘हं’, अडखळणं, शांतता, सगळं. (आधी समोरच्याची लेखी संमती घ्या, काम झालं की फाइल पुसून टाका.) मग आपल्या प्रत्येक वाक्यापुढे खूण करा: प्रश्न, प्रतिसाद की सल्ला? नवख्यांच्या कागदावर बहुधा प्रश्नांचीच रांग लागते, कारण शांतता सोसवत नाही.

‘सासूबाई बोलायला लागल्या की मी गप्पच बसते’ यावर ‘का गप्प बसता?’ विचारलं की ती बाई स्वतःची बाजू मांडू लागते. त्याऐवजी ‘बोलावंसं वाटतं, पण शब्द बाहेर येत नाहीत’ एवढंच म्हणा आणि मनात पाच आकडे मोजा. अंदाज चुकला तर ती स्वतःच दुरुस्त करेल, तेही कामाचंच. ‘अहो, होईल सगळं नीट’ हे आपल्याकडे आपसूक तोंडातून निघतं. तिथे बोलणंच खुंटतं.

आत्महत्येबद्दल मात्र आडवळणाने नको, सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर बेत ठरलाय का, साधन हाताशी आहे का, तेही विचारा आणि ती व्यक्ती उठून जाण्याआधीच सुपरवायझरला गाठा. गोपनीयतेला हा अपवाद असतो, हे पहिल्या भेटीतच सांगून ठेवायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर हवा.