वाचकांचे प्रश्न: ग्रीन कार्डाची रांग

प्रश्न: मुलगा २०१६पासून अमेरिकेत एच-१बी व्हिसावर आहे. कंपनीने ग्रीन कार्डासाठी अर्ज केलाय. नात पुण्यात जन्मलेली, आता १३ वर्षांची. दर निवडणुकीला ‘कायदा बदलणार’ असं ऐकतो. त्यावर विसंबावं का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: विसंबू नका. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं निघतात आणि त्यात बायका-मुलंही मोजली जातात. तुमच्या मुलाच्या तिघांच्या घराला तीन कार्डं लागतील. शिवाय एका देशात जन्मलेल्यांना ७ टक्क्यांची मर्यादा. भारत असो वा आइसलँड, टक्का तोच. एच-१बीला मात्र अशी देशवार मर्यादा नाही, म्हणून रांग तुंबते.

ही मर्यादा काढायचे प्रयत्न झाले. २०१३मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मोठं विधेयक मंजूर केलं. त्यातच कागदपत्रांविना राहणाऱ्यांना नागरिकत्वाची वाटही होती. प्रतिनिधीगृहाने ते मतदानालाच घेतलं नाही. मग फक्त मर्यादेपुरतं विधेयक २०१९मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ने पार पडलं. सिनेटने डिसेंबर २०२०मध्ये वेगळा मसुदा मंजूर केला आणि दोन्हींचा मेळ बसण्याआधीच त्या संसदेची मुदत संपली. एकूण कार्डं न वाढवता मर्यादा काढली की इतर देशांच्या लोकांची वाट लांबते. त्यांचा विरोध समजण्यासारखा आहे, आणि तो उद्याही राहील.

तेव्हा हातात आहे ते सांभाळा. आय-१४० म्हणजे कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज; त्याच्या मंजुरीच्या नोटिशीची प्रत मुलाने आजच मागून घ्यावी. ती कंपनीच्या फाइलमध्ये पडून राहते. तिच्यावरची ‘प्रायॉरिटी डेट’ म्हणजे रांगेतला नंबर. नोकरी बदलली तर नव्या कंपनीला अर्ज पुन्हा करावा लागतो, पण तारीख जुनीच धरता येते. मंजुरीनंतर १८० दिवस उलटले की जुन्या कंपनीने अर्ज मागे घेतला तरी सहा वर्षांच्या नेहमीच्या मर्यादेपुढची एच-१बी मुदतवाढ मिळू शकते. म्हणून त्याआधी राजीनामा देऊ नये. नोकरी गेलीच, तर पुढची सोय करायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस.

खरी काळजी नातीची. २१ पूर्ण झाली की ती वडिलांच्या अर्जातून बाहेर पडते. आय-१४० प्रलंबित होता तेवढे दिवस वयातून वजा होतात, पण ते बहुधा काही महिनेच असतात. विसाव्या वर्षीच विद्यार्थी व्हिसाची तयारी ठेवा.

आणि सुनेचा जन्मदाखला काढून बघा. ग्रीन कार्डाच्या रांगेत नागरिकत्व नाही, जन्मस्थळ धरतात. वडिलांच्या नोकरीमुळे तिचा जन्म मस्कत किंवा दुबईत झाला असेल, तर मुलालाही त्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं, आणि ती रांग बरीच छोटी असते. नातीच्या जन्मस्थळाचा असा उपयोग होत नाही.