पालखी दारावरून पुढे गेली, तक्रार कशाची करायची?

प्रश्न : आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत गावकीने ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध वडिलांनी अर्ज भरला. गावबैठकीने २५ हजार दंड ठोठावला. तो भरला नाही म्हणून आम्हाला वाळीत टाकलंय. गिरणीवर दळण घेत नाहीत, शिमग्याला पालखीही घरी आली नाही. पोलीस म्हणतात, ‘देवळाचा विषय आहे, गावातच मिटवा.’ गावकी म्हणते, धर्माचं स्वातंत्र्य आम्हालाही आहे. काय करावं?

उत्तर : आधी एक, दंड भरू नका. ‘भरा आणि मोकळे व्हा’ म्हणणारे पाहुणे भेटतील. पण भरलेला दंड म्हणजे कबुली, असंच गावात धरलं जातं.

हा फक्त देवळाचा विषय नाही. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६चा, जुलै २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे ‘गावात मिटवा’ म्हणून पोलिसांना हात झटकता येत नाहीत. जामीन मात्र मिळतो. अटक झाली की गाव सुतासारखं सरळ होईल, या भ्रमात राहू नका.

आता धर्माच्या स्वातंत्र्याचं. गावकीचा दाखला अगदीच पोकळ नाही. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कारबंदीचा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो रद्द केला. धार्मिक कारणावरून सभासदाला बाहेर काढणं हा पंथाचा अंतर्गत मामला, असं बहुमताने मानलं. तो निकाल फेरविचारासाठी २०२३ साली मोठ्या पीठाकडे गेला. पण तुमच्या वडिलांनी कोणता धर्म मोडला? निवडणुकीचा अर्ज भरला, एवढंच. माझ्या मते इथे राज्यघटनेच्या अनुच्छेद २६चा, म्हणजे पंथाला आपला धार्मिक कारभार स्वतः पाहू देणाऱ्या हक्काचा, आडोसा टिकणार नाही.

म्हणून तक्रारीची सुरुवात पालखीपासून करू नका. ती पहिल्या ओळीत आली की ठाणे अंमलदार ‘मानपानाचं भांडण’ म्हणून कागद बाजूला सारेल. आधी उमेदवारी अर्जाची तारीख, मग बैठक कधी, कुठे, दंड कोणी सांगितला. त्यानंतर गिरण. पालखी शेवटी. बैठकीत बहिष्काराच्या बाजूने बोललेल्यांची नावंही लिहा. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फर्मान फिरलं असेल तर तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका, नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत.

पोलिसांनी तरीही नोंद घेतली नाही तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोच जपा. तिथेही काही हललं नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. (हे सगळं तुम्ही आणि गावकी एकाच समाजाचे आहात असं धरून लिहितोय. तुम्ही अनुसूचित जातीचे आणि ते नसतील, तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालीही बहिष्कार हा गुन्हा आहे.)

शेजाऱ्याने तुमच्याशी बोलावंच, असा हुकूम कोणतंही कोर्ट देणार नाही. त्याने बोलू नये म्हणून गावाने ठराव केला, तो गुन्हा. खटला उभा राहिल्यावर कोर्टाच्या परवानगीने तडजोड करता येते. बहिष्कार मागे घेतल्याचं लेखी मिळाल्याशिवाय तिथे सही करू नका. पुन्हा बैठक बोलावल्याची कुणकुण लागली तर ती रोखण्यासाठी आधीच जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या.